'योग्य महिला उमेदवारच मिळत नाहीत' या दाव्याचा प्रतिवाद

निवडणूक जवळ आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो : स्त्रियांना राजकारणात रस नसतो, त्या उभ्या राहिल्या तरी मतदार त्यांना निवडून देत नाहीत, आणि आरक्षणामुळे निवडून आल्याच तर कारभार नवरा पाहतो. ही विधाने तपासायला हवीत, कारण उमेदवारी वाटणारे पक्ष त्यांचाच आडोसा घेतात.

रस नसल्याचे विधान मतदानाच्या आकड्यांपुढे टिकत नाही. 2019 आणि 2024 या दोन्ही लोकसभा निवडणुकांत स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा किंचित अधिक होती.

मतदार स्त्रियांना नाकारतात, हेही खरे नाही. 2024 मध्ये 8,360 उमेदवारांपैकी स्त्रिया केवळ 800 होत्या आणि त्यांतील 74 निवडून आल्या, म्हणजे नऊ टक्क्यांहून अधिक. पुरुष उमेदवारांत हे प्रमाण सुमारे सहा टक्के होते. क्वचितच निवडून येणाऱ्या अपक्षांमध्ये पुरुषांचाच भरणा असल्याने ही तुलना तंतोतंत नाही, हे मान्य. तरीही 543 जागांच्या सभागृहात इतक्या कमी स्त्रिया का, याचे उत्तर उमेदवारांच्या यादीतच मिळते.

'सरपंचपती' हा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो खोटा ठरवण्याची मला घाई नाही. अनेक गावांत सही तिची आणि निर्णय त्याचा, असे चालते. परंतु तेवढ्यावरून आरक्षण निष्फळ ठरत नाही. पंचायतींत स्त्रियांना आरक्षण देणाऱ्या 73 व्या घटनादुरुस्तीनंतरच्या पंचायतींचा पश्चिम बंगाल व राजस्थानात अभ्यास करून संशोधक राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी 2004 मध्ये दाखवून दिले, की सरपंचपद स्त्रीसाठी राखीव असलेल्या ठिकाणी पिण्याच्या पाण्यावर, म्हणजे स्त्रियांनी ज्याची मागणी अधिक केली त्या कामावर, जास्त गुंतवणूक झाली. सगळे निर्णय नवऱ्यांनीच घेतले असते, तर हा फरक दिसण्याचे कारण नव्हते. शिवाय सोडतीत आरक्षण फिरत राहते. पाच वर्षांत कारभार शिकलेल्या बाईची जागा पुढच्या खेपेस खुली झाली की पक्ष तिला बाजूला सारतो, आणि मग अनुभवी स्त्रिया नाहीत अशी तक्रारही तोच करतो.

संधी मिळाली की चित्र बदलते, याचा पुरावा मुंबईतच आहे. महापालिकेच्या निवडणुकांवरील राज्यशास्त्रज्ञ रिखिल भावनानी यांच्या 2009 च्या अभ्यासानुसार, आधीच्या निवडणुकीत स्त्रियांसाठी राखीव असलेला प्रभाग खुला झाल्यावरही तेथून स्त्री निवडून येण्याची शक्यता, कधी राखीव नसलेल्या प्रभागाच्या सुमारे पाचपट होती.

2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांत एक तृतीयांश जागा राखीव केल्या. मात्र अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडली. पक्षांना स्वतःच्या यादीत निम्मी नावे स्त्रियांची घालण्यासाठी या दोहोंपैकी कशाचीही वाट पाहावी लागत नाही, आणि ती नावे कुठे आहेत, हे प्रत्येक पक्षाने जाहीरपणे सांगावे, अशी मतदारांनी मागणी केली पाहिजे.