अण्णांची टोकनं आणि आमची नवी भिंत

वास्तुशांत होऊन तीन आठवडे झाले. निम्मी खोकी अजून तशीच आहेत, पण भांडण मिटलंय, म्हणून लिहिते.

भांडण हॉलमधल्या एका भिंतीवरून. माझे वडील, अण्णा, नाशिकजवळच्या ओझरला एचएएलमध्ये होते, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत. १९६४ साली मिग-२१ ही लढाऊ विमानं बांधण्यासाठी उभा राहिलेला कारखाना. अण्णा तिथे १९७२ला लागले, विमानाचे पत्रे जोडणारे रिबीट मारायला. त्यांच्याकडे जपलेल्या वस्तू मोजून तीन: मिगचं सागवानी मॉडेल, मित्रांनी निरोपाला दिलेलं टर्बाइनचं रिजेक्ट पातं आणि पाच पितळी टोकनं. पात्याबद्दल ते दर वेळी बजावतात, "हे आपलं नाही हं, कोरापूटचं. इंजिनं तिकडे व्हायची."

इंटिरियरवाल्या मुलाने सुचवलं, एव्हिएशन थीम करू. काचेचं कपाट, आत एलईडी, मागे ढगांचा वॉलपेपर. मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. अण्णांनी ड्रॉइंग पाहिलं आणि म्हणाले, "मी अजून जिवंत आहे ना गं?"

मी दोन दिवस फुगून बसले. मग एका दुपारी ते त्या सागवानी मिगच्या पंखावरून अंगठा फिरवताना दिसले. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रिबिटाचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसलंय का, हे ते असंच बघायचे, नखाला लागलं तर चुकलं. लाकडाला रिबीट नसतं, हे त्यांनाही माहीत आहे. काचेआड ठेवलं असतं तर त्या अंगठ्याने काय करायचं होतं?

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हा या घराचा गिलावा चालू होता. सिमेंटच्या गोण्यांवर बसून आम्ही मोबाइलवर तो सोहळा पाहिला. १९६३ला पहिली मिग हवाई दलात आली तीही चंदीगडलाच. शेवटी अण्णा एवढंच म्हणाले, "लँडिंग छान केलं पोरांनी."

वास्तुशांतीला आलेल्या एका पाहुण्यांनी मॉडेल बघून "उडती शवपेटी ना ही?" असं विचारलं. अण्णांनी त्यांना आणखी शिरा वाढायला सांगितला. मला मात्र अजून राग आहे. अपघात झाले, तरुण वैमानिक गेले, ते ओझरच्या कॉलनीत कुणी विसरलेलं नाही. पण त्याची जागा घेणारं तेजस विमान वेळेवर आलं नाही म्हणून ६२ वर्षं ज्याला ताणलं, त्याच्यावर ताटावर बसून शेरा मारणं फार सोपं असतं.

असो. टोकनांचं सांगायचं राहिलं. शॉपमध्ये पाना हवा असला की टूल क्रिबमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, आपल्या नंबरचं टोकन त्या जागी टांगायचं आणि पाना घ्यायचा. सुट्टीच्या वेळी एक जरी टोकन टांगलेलं दिसलं, तरी शोधाशोध. विमानात विसरलेला पाना कंट्रोलच्या दांड्यांत अडकला तर पुढे काय, हे सांगायला नको. पद्धत बदलली आणि जुनी टोकनं भंगारात निघाली. अण्णांनी त्यातली पाच रीतसर गेटपास करून घरी आणली. पाच टोकनांचा गेटपास! तो कागदही त्यांनी जपलाय.

आता हॉलच्या त्या भिंतीवर काहीच नाही. मिग अण्णांच्या पलंगाशेजारी आहे, पातं माझ्या टेबलावर बिलांवर. आणि जिन्याखाली अण्णांनी एक फळी ठोकलीय: हातोडी, पक्कड, टेस्टर, लेव्हल, प्रत्येकाची पेन्सिलीने काढलेली आकृती आणि वर खिळा. सुताराने लेव्हल मागितली तर त्यालाही आधी टोकन टांगायला लावलं. तो हसला, पण टांगलं बिचाऱ्याने.

काल रात्रीपासून पक्कडीच्या खिळ्यावर ३१७ नंबर लटकतोय. तो माझ्या मुलाचा. मुलगा कॉलेजला गेलाय, फोन उचलत नाही, आणि अण्णा जिन्याच्या पायरीवर बसून आहेत, जेवायला उठत नाहीत.