कूलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे

'मशीनमालकांनो, मेस्त्री तुम्हाला लुटतात' अशा मथळ्याचा, पोकलेनसारख्या डिझेल मशीनची देखभाल स्वस्तात करण्याचे सल्ले देणारा संदेश गेले पंधरा दिवस बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मोबाइलवर फिरत आहे. मी तो दुर्लक्षित केला असता, पण परवा चिकोडीच्या माझ्या आतेभावाने तोच मला पाठवला आणि खाली लिहिले, "पोकलेनमधले कूलंट काढून बोअरचे पाणी भरले, पैसे वाचले." त्यामुळे आता त्यातल्या एकेका सल्ल्याला उत्तर देणे भाग आहे.

पहिला दावा असा की कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवण्यासाठी रेडिएटरमध्ये भरायचे द्रव, हे नुसते रंगीत पाणी आहे, तेव्हा साधे पाणी चालते. उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाणी कूलंटमधल्या ग्लायकॉल या द्रवाच्या मिश्रणापेक्षा सरस असते आणि कोणतेही मानक न छापलेल्या डब्यांतून खरोखर रंगीत पाणी विकले जाते, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. परंतु कूलंटचे काम इंजिन गार ठेवण्यापुरते नाही. बहुतेक अवजड डिझेल इंजिनांचे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांत वरखाली होतो त्या धातूच्या नळ्या, ओले असतात, म्हणजे त्यांच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागलेले असते. पिस्टनच्या धक्क्यांनी लायनर सतत थरथरतो, त्याला लागून वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना धातूचे कण उखडत जातात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये असा लायनर मी हातात घेऊन पाहिला आहे. एकाच बाजूला, उभ्या पट्ट्यात, दाभणाने टोचल्यासारखे खड्डे होते आणि त्यांतल्या दोन खड्ड्यांतून बारीक तार आरपार जात होती. त्या वाटेने पाणी ऑइलमध्ये उतरते, ऑइल दुधाळ होते आणि मग बेअरिंगही जातात.

कारच्या कूलंटसाठी एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे डी3306 हे मानक असताना अवजड इंजिनांसाठी डी6210 हे वेगळे मानक आहे, आणि लायनरचे हे खड्डे रोखण्याची अट या दुसऱ्या मानकात आहे. त्यासाठी घातलेली नायट्राइटसारखी द्रव्ये लायनरवर संरक्षक थर धरून ठेवतात. निव्वळ रंगीत पाण्यासाठी अशी अट कोणी घातली असती का? रंग हिरवा की लाल याने काहीच ठरत नाही; डब्यावरचे मानक वाचून ते मशीनच्या पुस्तिकेशी ताडून पाहावे. बोअरच्या पाण्याचे म्हणाल तर घरच्या बंबात जो पांढरा थर बसतो, तोच लायनरभोवती आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो व उष्णता अडवून धरतो.

इंजिन तापताच रेडिएटरची टोपी उघडून गार पाणी ओतावे, हा सल्ला लिहिणाऱ्याने तापलेला रेडिएटर कधी पाहिला असेल असे मला वाटत नाही. टोपीच्या दाबामुळे आतले पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपी सैल होताच दाब जातो आणि वाफेसह पाणी उसळून तोंडावर येते. त्यातून वाचलेल्याने गार पाणी ओतले तर इंजिनच्या हेडला, म्हणजे वरच्या झाकणाला, तडा जाण्याचा धोका उरतोच. अशा वेळी काम थांबवावे, इंजिन काही मिनिटे भाराविना चालू ठेवावे आणि तापमानाचा काटा चढतच राहिला तर ते बंद करून टोपी हाताला सोसेल इतकी गार होईपर्यंत थांबावे.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढल्याने इंजिन गार राहते म्हणतात. ते गरजेपेक्षा गार राहते, डिझेल नीट जळत नाही आणि ते न जळलेले डिझेल मिसळून ऑइल पातळ होते. शिवाय काही इंजिनांत बायपासची वाट उघडीच राहून पाणी रेडिएटरला वळसा घालते, म्हणजे इंजिन उलट तापते.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळल्याने नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोंडे, साफ होतात, हेही खोटे आहे. पंप आणि नोझलला वंगण मिळते ते डिझेलमधूनच, आणि रॉकेलमध्ये तो गुण कमी असतो. आजच्या कॉमन रेल, म्हणजे एकाच सामायिक नळीतून सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या, इंजिनात दाब 1500 बारच्याही पुढे जातो. तिथे वंगण कमी पडले की धातू धातूवर घासतो आणि सुटलेला कीस थेट नोझलपर्यंत पोहोचतो. फिल्टर धुऊन पुन्हा वापरावा, या सल्ल्याची गोष्टही अशीच आहे. कागद फुगतो, हवा मारताना फाटतो आणि डोळ्यांना न दिसणारी माती पुढे जाते.

डिझेलमधले पाणी वेगळे काढणाऱ्या वॉटर सेपरेटरमधले पाणी रोज सकाळी सोडावे, हा शेवटचा सल्ला मात्र बरोबर आहे. जांबोटीच्या पावसात काम करणाऱ्यांनी टाकी रात्रीच भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेतल्या हवेचा दमटपणा डिझेलमध्ये उतरत नाही.

आतेभावाला मी त्याच रात्री फोन केला. इंजिन गार असतानाच ते पाणी सोडायचे, बोअरचे पाणी न घेता डिस्टिल्ड पाण्याने आतून धुऊन घ्यायचे, डी6210 छापलेले कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे भरायचे, आणि पुढचे आठ दिवस रोज सकाळी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, काढून ऑइल दुधाळ दिसते का ते पाहायचे, असे त्याला सांगितले आहे.