आधी गल्लीतून चाला, मग रेघ ओढा

पुण्याच्या कसबा पेठेतल्या आमच्या घरापासून मंडईपर्यंत जायला सासूबाईंना चार ओटे लागायचे. गुडघे दुखायचे, म्हणून चार ठिकाणी टेकत टेकत जायच्या. ओळखीचे वाडे, ओळखीची माणसं. कुणी पाणी विचारायचं, कुणी पिशवी पुढच्या ओट्यापर्यंत पोचवायचं. त्या चारांपैकी आता एकच ओटा उरलाय. बाकीचे तिन्ही वाडे पाडून इमारती झाल्या, रस्तारुंदीसाठी पुढची जागा सोडावी लागली, आणि त्या सोडलेल्या जागेत सकाळपासून रात्रीपर्यंत दुचाक्या उभ्या असतात. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. त्यांनी मंडईला जाणं सोडलं.

वय झालं, असं म्हणून मी हा विषय मिटवला असता. पण ओटे गेले ते कागदावरच्या एका रेघेमुळे. ती रेघ ओढण्याआधी त्या वाटेने रोज चालणाऱ्या माणसांना कुणी काही विचारलं नव्हतं.

पेठांबाहेर राहणाऱ्यांना हे कसं घडतं ते ठाऊक नसतं, म्हणून सांगते. विकास आराखड्यात रस्त्याची नवी हद्द ठरते. आम्ही तिला ‘रस्त्याची लाइन’ म्हणतो. लाइन पडली म्हणून लगेच वाडे पाडत नाहीत. ज्याचा वाडा नव्याने बांधायला निघेल त्याने लाइनच्या मागे सरकायचं आणि सोडलेल्या जागेच्या बदल्यात एफएसआय (म्हणजे त्याच जागेवर जादा बांधकाम) किंवा टीडीआर (म्हणजे ते बांधकाम दुसरीकडे करायचा किंवा विकायचा हक्क) घ्यायचा. एकाचा वाडा लवकर निघतो, शेजारच्याचा पंधरा वर्षांनी, तिसऱ्याचा भाऊबंदकीच्या दाव्यात अडकून पडतो. म्हणून एवढी वर्षं लोटली तरी रस्ता कुठे आत, कुठे बाहेर. वाहतुकीला सलग रुंदी लागते. अशा तुकड्यातुकड्यांच्या रुंदीतून बस पुढे जात नाही, तिथे फक्त गाड्या लागतात. तुमच्या पेठेतल्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहून दोन्ही बाजूंना बघा, मी काय म्हणते ते दिसेल. ओटा गेला, सावली गेली, पायरीवरची गजरेवाली गेली, आणि वाहतूक होती तिथेच आहे.

‘लोकांना विचारतात की! हरकती-सूचना मागवतात,’ असं कुणी म्हणेल. मागवतात, हे खरं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये तशी तरतूदच आहे. शहराच्या जुन्या हद्दीचा (नंतर जोडलेली गावं सोडून) २००७ ते २०२७ चा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ८७ हजारांहून जास्त हरकती आणि सूचना आल्या. त्या ऐकायला नियोजन समिती होती सात जणांची. मग २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा आपल्या हातात घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजुरी दिली. वीस वर्षांच्या आराखड्यातली पहिली दहा वर्षं तोवर सरली होती.

८७ हजार हा आकडा ऐकून लोक म्हणतात, पुणेकरांना हरकत घ्यायची हौसच आहे. मला या बोलण्याचा खरंच त्रास होतो. सगळं ठरवून झाल्यावर, छापून झाल्यावर, भिंतीवर नकाशा लावल्यावर विचारलं, तर माणूस दुसरं काय करणार? तेव्हा त्याच्या हातात ‘नको’ म्हणणं एवढंच उरतं. त्या वेळी मी शेजारच्या काकांबरोबर नकाशा बघायला गेले होते. काका जन्मापासून पेठेत राहिलेले, नागझरी ओढ्याचा जुना काठ त्यांना तोंडपाठ. नकाशात त्यांना स्वतःचं घर सापडेना. तिथल्या एका तरुण अभियंत्याने बोट ठेवून दाखवलं, फार आपुलकीने समजावलंही. काका म्हणाले, ‘अहो साहेब, या बोळात पावसाळ्यात पाणी कुठून शिरतं ते मी सांगू का?’ पण ते लिहून घ्यायला अर्जात जागाच नव्हती. अर्जात सर्व्हे नंबर होता, मिळकतीचा तपशील होता आणि हरकतीचं स्वरूप होतं.

त्याच कायद्याच्या कलम २५ मध्ये आराखड्याच्या आधीचं एक काम सांगितलंय: सध्याच्या जमीन वापराचा नकाशा. कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे कारखाने, ते पाहून रंग भरायचे. माझ्या मते लोकांना विचारायची खरी वेळ ही आहे. तांबट आळीचंच घ्या. खाली भट्टी आणि हातोड्याची ठकठक, वर संसार, आणि पुढे अंगणात घासून ठेवलेले हंडे. याला कुठला रंग देणार? निवासी म्हणालात तर उद्या भट्टी बेकायदा ठरेल, औद्योगिक म्हणालात तर घर. कुंभारवाडा, बुरूड आळी, शिंपी आळी या नावांतच आमचा जमीन वापर लिहिलेला आहे. तो वाचायला आळीतलं कुणीतरी सोबत लागतं.

आणि हो, वाड्यातल्या भाडेकरूंनाही विचारायला हवं. हरकत कुणालाही घेता येते, पण घरमालकाची नाराजी नको म्हणून भाडेकरू गप्प बसतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

काहीच बदलू नका, असं मी म्हणत नाही. दर पावसाळ्यात एखादी भिंत कोसळते तेव्हा आमच्या पोटात गोळा येतो. अग्निशमनची गाडी आत यायलाच हवी, रुग्णवाहिका यायलाच हवी, आणि त्यासाठी काही ठिकाणी भिंत मागे घ्यावी लागेल हे मला मान्य आहे. आपलंही चुकतं. रस्ता रुंद व्हावा पण समोरच्याच्या बाजूने, असं आपल्यातले बरेचजण मनात धरून असतात. घरात तीन गाड्या घेऊन त्यातल्या दोन रस्त्यावर लावणारी घरंही आपल्याच आळीत आहेत. पण नेमकी कुठली भिंत मागे घेतली की बंब आत वळेल, हे वळणावरचा दुकानदार पाच मिनिटांत दाखवेल.

शंभर वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश नियोजनकार आपल्याकडे आला होता. पुढे तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापकही झाला. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्याला त्याचा विरोध होता. गल्लीगल्लीतून पायी फिरायचं, मोडकळीला आलेली मोजकी घरं काढायची, तिथे चौक आणि झाडं करायची, ही त्याची रीत. होळकरांच्या इंदूरमध्ये त्याने जाहीर केलं की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही, जी आळी सगळ्यात स्वच्छ आणि नीटनेटकी होईल तिथून जाईल. लोकांनी आपापल्या आळ्या झाडल्या, घरांची डागडुजी केली. त्यातला सन्मान मला मोठा वाटतो. आळी तुमची आहे, हे त्याने लोकांना दाखवून दिलं.

आपल्याकडे साधनंच नाहीत असंही नाही. २००६-०७ पासून पुण्यात नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन बाक, पदपथ, दिवे सुचवता येतात. राज्याच्या कायद्यात २००९ मध्ये क्षेत्रसभा आली, म्हणजे गावच्या ग्रामसभेसारखी शहरातली मतदारांची सभा. मला अजून एकाही क्षेत्रसभेचं बोलावणं आलेलं नाही. आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईला मेट्रो थांबते. रोज इतकी माणसं जमिनीखालून वर येऊन आपल्या बोळांतून चालायला लागली आहेत. अशा वेळी पुढच्या आराखड्यात लाइन गाडीच्या मापाने पडणार की पायांच्या, हे आत्ताच बोलायला हवं.

११ डिसेंबरच्या पादचारी दिनाला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद होता, तेव्हा सासूबाईंना रिक्षाने तिथपर्यंत नेलं. रस्त्याच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर अर्धा तास बसल्या. शाळेतली एक मैत्रीण भेटली, दोघी रडल्या.

तर विनंती अशी. येत्या रविवारी सकाळी ७ वाजता आम्ही काहीजण आमच्या बोळापासून मंडईपर्यंत चालणार आहोत. मोजपट्टी, खडू आणि ड्रॉइंगचा मोठा कागद घेऊ. ओटे कुठे उरलेत, पाणी कुठे तुंबतं, बंब कुठे अडकेल, रात्री कुठे अंधार असतो, सगळं मांडू आणि क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घेऊ. शेजारचे काका येणार आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन या, सावकाश चालू. उरलेल्या एका ओट्यावर चहा आहे, तिथल्या काकूंना विचारून ठेवलंय.