'हातपाय धड नसलेला डॉक्टर' आणि गल्लीतला मेसेज

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दुसऱ्या दिवशी तोच माहेरच्या ग्रुपवर दिसला, मग शाळेच्या मैत्रिणींच्या. मजकूर असा: 'हातपाय धड नसलेल्यांना कोट्यातून डॉक्टर-नर्स करणं म्हणजे पेशंटच्या जिवाशी खेळ. हुशार पोरांच्या सीट जातात. अपंगांनी बसून करायची कामं करावीत. अशा डॉक्टरकडं तुमच्या आईला न्याल का?' खाली शेजारच्या मामांनी लिहिलं होतं, 'शंभर टक्के खरं.' लहानपणी याच मामांनी मला सायकलवर बसवून शाळेत सोडलंय, म्हणून गप्प बसवत नाही. माझ्या डाव्या पायाला पोलिओ आहे, आधाराला पायाला कॅलिपर लावते, आणि सव्वीस वर्षं कोल्हापुरातल्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, तपासते.

आधी सीटचं बघू. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात 5 टक्के जागा राखल्या आहेत. म्हणजे शंभरातल्या पाच. त्यासाठीही मेडिकलची 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावीच लागते. कोटा दारापर्यंत येतो. आत गेल्यावर एमबीबीएसचा अभ्यासक्रम तोच, पास व्हायचे गुणही सगळ्यांना तेच. आणि मामा, आपण कोल्हापूरचे. 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी निम्म्या नोकऱ्या मागासलेल्यांसाठी राखल्या, तेव्हाही लायकीचाच प्रश्न निघाला होता. लायकीचा मुद्दा काढणाऱ्या अभ्यंकर वकिलांना महाराजांनी घोड्यांना चंदी टाकून दाखवलं, की दांडगी घोडी सगळं खातात आणि अशक्तांना काही उरत नाही, ही गोष्ट तुम्हीच मला सांगितलीत. इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजला नावही शाहू महाराजांचंच आहे.

आता 'जिवाशी खेळ'. हा मुद्दा मी हलका मानत नाही. पेशंटची सुरक्षितता पहिली, यात वादच नाही. प्रश्न एवढाच की कुणाला काय जमेल हे ठरवायचं कशावरून? सर्टिफिकेटवरच्या टक्क्यावरून ठरवलं की काय होतं ते बघा. कोट्यासाठी अपंगत्व किमान 40 टक्के लागतं. पण बोलण्यातला दोष 40 टक्के किंवा जास्त असेल तर एमबीबीएसला अपात्र, असा मेडिकलचा नियम होता. कमी असेल तर कोटा नाही, जास्त असेल तर प्रवेश नाही! महाराष्ट्रातलाच एक मुलगा 44-45 टक्क्यांवर असा अडकला आणि सुप्रीम कोर्टात गेला. कोर्टानं त्याला दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजच्या बोर्डापुढं पाठवलं. प्रत्यक्ष तपासून बोर्डानं सांगितलं, याच्या बोलण्यानं शिक्षणात अडथळा येणार नाही. त्याला प्रवेश मिळाला. ऑक्टोबर 2024च्या निकालात कोर्टानं स्पष्ट लिहिलं की नुसत्या टक्क्यावरून कुणाला बाद करायचं नाही, त्याला अभ्यासक्रम झेपेल का हे बोर्डानं तपासायचं आणि नाकारायचं असेल तर कारणं द्यायची. म्हणजे ज्याला खरोखर झेपणार नाही त्याला थांबवायची वाट बंद झालेली नाही. बघून थांबवा, एवढंच.

'हातपाय धड' हा शब्दप्रयोगही काही गल्लीतल्या कुणाच्या डोक्यातून निघालेला नाही. 'दोन्ही हात शाबूत, संवेदना आणि ताकदीसह' अशी अटच नियमात होती. फेब्रुवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं तिला धडधाकटांच्या नजरेतून आलेला पूर्वग्रह म्हटलं आणि नियम बदलायला सांगितलं.

धड पायांचंच म्हणाल तर मुंबईचे कॅन्सरतज्ज्ञ डॉ. सुरेश अडवाणी घ्या. आठव्या वर्षी पोलिओ झाला, तेव्हापासून व्हीलचेअर. मेडिकलला प्रवेश नाकारला होता, भांडून मिळवला. भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण 1983 साली त्यांनी केलं, 2012 ला पद्मभूषण मिळालं. तो पहिला नकार टिकला असता तर किती कॅन्सर पेशंट त्यांच्या हातच्या उपचाराला मुकले असते?

एखादं अंग नसणं कधी कधी कामालाच येतं. जर्मनीत अंध स्त्रियांना स्तनातली गाठ बोटांनी शोधायला शिकवतात, दिल्लीतही अशा स्त्रिया तयार झाल्या आहेत. मला यात नवल वाटत नाही. शीर नुसत्या डोळ्यांनी सापडत नाही, बोटाला लागते, हे कुठलीही लॅबवाली सांगेल.

'बसून करायची कामं' वाचून मात्र वाईट वाटलं. मीही बसूनच काम करते. डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, प्रवेशाला गेले तेव्हा एका संस्थेत सांगितलं होतं, 'हे उभं राहायचं काम आहे, तुला नाही जमणार.' दुसरीकडं सरांनी काही न बोलता एक उंच स्टूल आणून ठेवलं. बस्स. कायदा ज्याला वाजवी सोय म्हणतो ती माझ्यासाठी एक स्टूल होती. कमी ऐकू येणाऱ्याला आवाज वाढवणारा स्टेथोस्कोप लागतो, कुणाला रॅम्प लागतो. कोल्हापूरजवळ उचगावला नसीमादीदी हुरजूक यांनी उभ्या केलेल्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या अपंगांसाठीच्या संस्थेच्या वसतिगृहात जाऊन या. दीदी स्वतः व्हीलचेअरवर, आणि 1984 पासून या संस्थेच्या आधारानं किती पोरं शिकून बाहेर पडली! त्यातल्या एखादीला नर्स व्हायचं असेल तर तिनं कुणाची परवानगी काढायची, गल्लीच्या ग्रुपची?

राहिली आई. शाहूवाडीकडच्या एक आज्जी साखर तपासायला येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा माझं कॅलिपर बघून हात मागं घेतला होता. मग विचारलं, 'दुखतंय का गं लई?' म्हटलं, आज्जी, आता सवय झाली. त्यांची शीर खोल आहे, दोन-तीनदा टोचल्याशिवाय कुणालाच मिळत नव्हती. मला पहिल्याच टोचणीत मिळाली. आता आल्या की काउंटरवर विचारतात, 'ती पोरगी हाय का?' मी सुट्टीवर असले तर उपाशीपोटी आलेल्या आज्जी तशाच एसटीनं माघारी जातात.