क्रॉल केलंय, सध्या इंडेक्स नाही

मला जुनी चावीची घड्याळं दुरुस्त करायचा नाद आहे. बंद पडलेलं घड्याळ दिसलं की त्याचं मागचं झाकण उघडल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि उघडलं की घरच्यांना पडत नाही. तर इतक्या वर्षांत जे काही शिकलो ते कुठेतरी लिहून ठेवावं म्हणून वेबसाइट काढली. लंबक मध्येच का थांबतो, स्प्रिंग उतरवताना बोटं कशी वाचवायची, तेल कुठे घालायचं आणि मुख्य म्हणजे कुठे घालायचं नाही, असे पंचवीसेक लेख लिहिले, फोटोही स्वतःच काढले. माझी समजूत अशी की चांगलं लिहिलं की लोक आपोआप येतात. बिचारी समजूत.

पहिल्या महिन्यात कुणी आलं नाही, म्हटलं नवीन आहे. दुसऱ्यात नाही, म्हटलं घड्याळाचा विषय आहे, वेळ लागणारच. तिसऱ्या महिन्यात मात्र मी स्वतःच स्वतःला शोधायला निघालो. गूगलवर ‘घड्याळ दुरुस्ती’ असं टाकलं आणि पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, करत करत नवव्या पानावर गेलो. नवव्या पानावर कुणी जात नाही हो, तिथे इतकी शांतता असते की आपल्याच माऊसचा आवाज दचकवतो. मग माझ्या एका लेखाचं अख्खं शीर्षक, जसंच्या तसं, अवतरणचिन्हात घालून टाकलं, म्हटलं आता कुठे पळशील? तर इंजिन मलाच उलटं विचारतंय की तुम्हाला दुसरं काही म्हणायचं होतं का.

नेमकी त्याच आठवड्यात एक मेल आली. कुणीतरी एसईओ तज्ज्ञ, म्हणजे साइट सर्चमध्ये वर आणून देतो म्हणणारे. ‘सर्च करता करता आम्हाला तुमची सुंदर वेबसाइट सापडली, पण तिच्यात २७ गंभीर चुका आहेत, आमच्याकडे काम द्या, पहिल्या नंबरची गॅरंटी.’ खरं सांगतो, २७ चुकांचं मला काहीच वाटलं नाही, कुणाला तरी आपण सापडलो याचाच आनंद इतका की ती मेल मी लगेच भाचीला पाठवली. ती याच कामात असते. तिचा फोन आला.

"मामा, यांना तुझी साइट सर्चमध्ये सापडली?"

"हो, असं लिहिलंय ना."

"कशी काय? तू ती टिक काढलीस का?"

कसली टिक? तर साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, सेटिंगच्या एका कोपऱ्यात, एक बारकासा चौकोन असतो, ‘सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये’ अशा अर्थाचा; इंडेक्स करणं म्हणजे आपल्या यादीत घेणं, यादीत नसलेलं पान शोधून सापडत नाही. साइट अर्धवट असताना लोकांनी बघू नये म्हणून तो टिक करतात आणि पूर्ण झाली की काढतात. मी टिक केली होती. काढायची राहिली होती. म्हणजे साडेतीन महिने मी दारावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावून खिडकीतून पाहुण्यांची वाट बघत बसलो होतो. आणि त्या तज्ज्ञ लोकांच्या २७ चुकांच्या यादीत एवढी एकच चूक नव्हती! गॅरंटीबद्दल भाची म्हणाली की पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलनेच वेबसाइटवाल्यांसाठी लिहून ठेवलंय. मी मेलला उत्तर दिलं नाही. पण काही म्हणा, त्या काळात सापडली म्हणणारे तेवढेच.

टिक काढली. साइटमॅप पाठवला. साइटमॅप म्हणजे आपल्या पानांच्या पत्त्यांची यादी, एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते बसतात, माझे २६. जेवणाच्या पंगतीला एकटं बसल्यासारखं वाटलं. मग आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं, सर्च कन्सोल नावाचं जे फुकटचं दुखणं असतं ते उघडलं, आणि तिथे दोन दिवसांनी दिसलं: ‘क्रॉल केलं – सध्या इंडेक्स केलेलं नाही’. हे वाक्य मी खूप वेळ बघत बसलो. म्हणजे इंजिनचा बॉट, पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, आला, लेख वाचला आणि गेला. आवडला नाही का? तसं म्हणत नाही. चूक आहे का? तेही नाही. ‘सध्या.’ इंटरव्ह्यूनंतर ‘कळवतो’ म्हणून सांगतात तसलं ते ‘सध्या’. याच्याखाली अजून एक वर्ग आहे, ‘शोधलं – सध्या इंडेक्स केलेलं नाही’, म्हणजे पत्ता माहितीये पण यायला सवड झाली नाही. तेल कुठे घालू नये हा माझा सगळ्यात जीव ओतून लिहिलेला लेख त्यात होता.

मग मी अभ्यासाला बसलो, आणि इथून खरी अधोगती.

पहिले दोन दिवस मी प्रत्येक पानाच्या मेटा कीवर्डमध्ये, म्हणजे वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या शोधशब्दांच्या टॅगमध्ये, चाळीस-चाळीस शब्द भरले. घड्याळ, जुने घड्याळ, भिंतीवरचे घड्याळ, बंद घड्याळ, टिकटिक. तिसऱ्या दिवशी वाचनात आलं की रँकिंगसाठी आपण हा टॅग बघतच नाही असं गूगलने २००९ सालीच जाहीर केलंय. मग साइटला एक प्लगइन, म्हणजे जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाकलं, ते प्रत्येक लेखाला लाल, नारिंगी किंवा हिरवा दिवा देतं. माझे सगळे लाल. कारण मुख्य कीवर्ड पहिल्या परिच्छेदात नाही. अहो आहे की, ‘घड्याळाची दुरुस्ती’ असं धडधडीत लिहिलंय! पण त्या बापड्याला मराठीचं सामान्यरूप माहीतच नाही, घड्याळ वेगळं, घड्याळाची वेगळं, घड्याळात वेगळं, त्याच्या लेखी ही तीन वेगवेगळी माणसं, एकमेकांना न ओळखणारी. शेवटी हिरव्या दिव्यासाठी मी लिहिलं, ‘घड्याळ दुरुस्ती करायची तर घड्याळ दुरुस्ती म्हणजे काय हे घड्याळ दुरुस्ती करण्याआधी समजून घ्यावं.’ दिवा हिरवा झाला. भाचीने वाचून विचारलं, "मामा, तुला कुणी धरून बसवून लिहून घेतलंय का?" ते काढलं, दिवा लाल झाला, आता तो लालच आहे आणि मी तिकडे बघत नाही.

पत्त्यांची वेगळीच कथा. मी हौसेने पानांचे पत्ते देवनागरीत ठेवले होते. ब्राउझरमध्ये छान दिसतात, पण कॉपी करून कुणाला पाठवा, प्रत्येक अक्षराचा, अगदी काना आणि पायमोडक्या हलन्ताचासुद्धा, टक्क्याची चिन्हं आणि आकड्या-अक्षरांचा नऊ खुणांचा डबा होतो. ‘घड्याळ’ हा एक शब्द ५४ खुणांचा. मित्राला तेलाच्या लेखाची लिंक पाठवली तर त्याने फोन करून सांगितलं की तुझा मोबाईल हॅक झालाय, कुणीतरी भलतंच काहीतरी पाठवतंय.

मग स्पीड. नियम असा की पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसली पाहिजे. माझी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एका घड्याळाचा फोटो, इतका तपशीलवार की तबकडीवरचे ओरखडे मोजता येतील, आणि तो उघडायला अकरा सेकंद लागत होते. कुठेतरी वाचलं की फोटो ‘लेझी लोड’ करावेत, म्हणजे वाचणारा खाली येईल तसतसे उघडतात. लेझी म्हटल्यावर मला आपुलकीच वाटली, सगळेच फोटो लेझी केले. पान आणखी हळू झालं! कारण सगळ्यात वरचा, पहिला दिसायचा तोच फोटो, त्यालाही मी आळशी करून ठेवला होता. तो करायचा नसतो. हे त्याच लेखात खाली लिहिलं होतं म्हणे, पण मी खालपर्यंत गेलो नव्हतो.

लिंकांचं दुखणं मुळातलं आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन स्टॅनफर्डला होते तेव्हा त्यांनी अशी कल्पना काढली की एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे एक मत दिलं, आणि वजनदार पानाचं मत वजनदार. १९९८ मध्ये गूगल उभं राहिलं ते याच्यावर. कल्पना झकास आहे, फक्त माझ्यासारख्याला मत देणार कोण? लिंक द्यायला आधी मी सापडायला पाहिजे आणि सापडायला आधी लिंक पाहिजे. विकत घ्यायच्या म्हटल्या तर २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलचा पेंग्विन नावाचा अपडेट, म्हणजे क्रम लावायच्या पद्धतीतला बदल, आला, नाव गोंडस, पण खोट्या लिंका लावणाऱ्यांना त्याने पार तळाला नेलं. त्याच वर्षी जानेवारीत क्रोमच्या जाहिरातीसाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या पोस्टमधून लिंक गेली म्हणून गूगलने स्वतःच्याच क्रोमच्या पानाला निदान ६० दिवस खाली ढकललं होतं. पोटच्या पोराला जे सोडत नाहीत ते मला काय सोडणार. म्हणून मी सरळमार्गाने गेलो, घड्याळवेड्या मित्रांना विनंती केली. एकाने दिली लिंक, मोठ्या मनाने. पण लिंकच्या शब्दांवरून इंजिन समजून घेतं की पुढचं पान कशाबद्दल आहे, आणि मित्राने ज्या शब्दांवर लिंक दिली ते शब्द होते ‘इथे क्लिक करा’.

मध्येच कळलं की पानं तपासणाऱ्या माणसांसाठी गूगलची दीडशेहून जास्त पानांची मार्गदर्शिका आहे आणि २०२२ च्या डिसेंबरपासून तिच्यात ‘अनुभव’ हाही निकष आलाय, म्हणजे लिहिणाऱ्याने ते काम स्वतः केलेलं दिसलं पाहिजे. हे मात्र मला पटलं. स्प्रिंग सुटून माझा अंगठा फाटला होता त्याचा जुना फोटो शोधला आणि ‘लेखकाविषयी’च्या पानावर टाकला. काही हललं नाही.

हलणार नाही असंही नाही, आणि हीच तर गंमत. यातली एकेक गोष्ट बघायला गेलं तर अवघड नाहीच, सगळे नियम उघड लिहून ठेवलेत, फुकट वाचायला मिळतात. घड्याळात बिघाड असला तर मी एक चाक बोटाने ढकलतो, शेजारचं फिरलं तर ठीक, नाही फिरलं तर दोष तिथे, एका मिनिटात निकाल. इथे आज स्क्रू पिळावा तर काटा हलतो तीन महिन्यांनी, आणि तोपर्यंत मी घाबरून आणखी चाळीस स्क्रू पिळलेले असतात. मग काटा वर गेला तर कुठल्या स्क्रूने आणि खाली आला तर कुठल्या, काही पत्ता लागत नाही. त्यात वर्षातून काही वेळा कोअर अपडेट येतो, म्हणजे घड्याळाची आतली चाकंच कुणीतरी बदलून जातं, आणि आपण बाहेरून तबकडी पुसतोय. गेल्या अपडेटमध्ये माझी लंबकाची पोस्ट बाराव्या नंबरवरून पाचव्यावर आली. मी काय केलं होतं? सुट्टीवर गेलो होतो. परत आल्यावर उत्साहाने तीत सुधारणा केल्या, ती एकोणिसाव्यावर गेली. आता सुधारणांमुळे गेली की मी परत आल्यामुळे, सांगता येत नाही.

आणि आता तर रिझल्टच्या वरच एआयचा सारांश येतो. परवा बघितलं, ‘तेल कुठे घालू नये’ याचं उत्तर तिथे पाच ओळींत दिलेलं, बरोबर दिलेलं, वाचून मलाही छान वाटलं. पण ते वाचल्यावर खाली माझ्याकडे यायचं कुणाला काय नडलंय?

मागच्या महिन्यात मात्र कन्सोलमध्ये आलेख एकदम वर गेला. रिझल्टमध्ये दिसण्याचे आकडे हजारात. मी खुर्चीतून उठलोच, भाचीला फोन लावला, ती म्हणाली थांब, लोक काय शोधत आले ते बघ आधी. बघितलं. लोकांनी शोधलं होतं, ‘आत्ता किती वाजले’.

म्हणजे वेळ विचारणाऱ्या लोकांना इंजिन, खूप खाली कुठेतरी, माझं पान दाखवत होतं. वेळ तर रिझल्टच्या वरच मोठ्या आकड्यांत लिहून येते, तरीही तिघांनी खाली खाली येत माझ्या पानावर क्लिक केलं होतं. आणि त्या पानावर सगळ्यात वर, आता लेझी नसलेला, अडीच सेकंदांत उघडणारा माझा फोटो: एक बंद पडलेलं घड्याळ, दहा वाजून दहा मिनिटं.

मला त्या तिघांबद्दल सारखं वाटत राहिलं. एवढ्या लांबून आलेत, त्यांना हवं ते मिळायला पाहिजे, तज्ज्ञ लोक याला सर्च इंटेंट म्हणतात. म्हणून मी भाचीला सांगितलं की मी आता याच विषयावर नवीन लेख लिहिणार आहे, शीर्षकच ठेवणार, ‘आत्ता किती वाजले’.

"लिही ना," ती म्हणाली. "फक्त इंडेक्स व्हायला तीन महिने लागतील हे धरून वेळ टाक."