माइलस्टोन: पात्रांची मालकी सोडायला नकार देणारे इम्प्रिंट

सुपरहिरो कॉमिक्सच्या इतिहासात 'माइलस्टोन'चा उल्लेख बहुतेक वेळा एका वाक्यात उरकला जातो: अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांनी १९९३ साली सुरू केलेले आणि १९९७ साली बंद पडलेले इम्प्रिंट, म्हणजे मोठ्या प्रकाशकाच्या छत्राखाली स्वतःच्या नावाने चालणारी प्रकाशनमालिका. मला हे वाक्य फार अपुरे वाटते, कारण पात्रांची मालकी कोणाकडे होती हा खरा महत्त्वाचा मुद्दा त्यात येतच नाही.

ड्वेन मॅक्डफी, डेनिस कोवन, मायकेल डेव्हिस आणि डेरेक डिंगल या चौघांनी माइलस्टोन मीडिया स्थापन करून सुपरमॅनची बडी प्रकाशन कंपनी डीसी कॉमिक्सशी करार केला. अंकांची छपाई आणि वितरण डीसीने करायचे, मात्र पात्रांचे हक्क माइलस्टोनकडेच राहायचे, असे त्या कराराचे स्वरूप होते. ज्या व्यवसायात सुपरमॅनचे हक्क त्याच्या निर्मात्यांकडून १९३८ साली अवघ्या १३० डॉलरना घेतले गेले, त्या व्यवसायात ही अट धरून बसणे किती धाडसाचे होते, हे आज सहज लक्षात येत नाही.

त्यांच्या पहिल्याच मालिकेचा, 'हार्डवेअर'चा, विषयही हाच होता, आणि तो मला योगायोग वाटत नाही. कर्टिस मेटकाफ या बुद्धिमान संशोधकाच्या शोधांवर उद्योगपती एडविन अल्व्हा अफाट पैसा मिळवतो. मेटकाफने नफ्यात वाटा मागितला की त्याला नकार मिळतो, आणि करारात अडकल्यामुळे त्याला दुसरीकडे जाताही येत नाही. मग तो मालकाचीच साधनसामग्री गुपचूप वापरून स्वतःसाठी चिलखत घडवतो. मॅक्डफी याआधी मार्व्हल या दुसऱ्या बड्या कॉमिक्स कंपनीत काम करत होते, हे ठाऊक असलेल्या वाचकाला ही कथा निव्वळ मारामारीची वाटणे शक्य नाही.

दुसरा मुद्दा संख्येचा आहे. कॉमिक्सच्या जगात कृष्णवर्णीय नायक एकटाच असला, तर साऱ्या समाजाचे प्रतिनिधित्व त्याच्या खांद्यावर येते आणि त्याला चुकण्याचीही मुभा उरत नाही. माइलस्टोनने यावर काढलेला उपाय साधा होता: डकोटा नावाचे एक काल्पनिक शहर उभारून ते परस्परांशी न पटणाऱ्या माणसांनी भरून टाकणे. 'आयकॉन' हा १८३९ साली अमेरिकेच्या दक्षिण भागातील कापसाच्या शेतात उतरलेला आणि एका गुलाम स्त्रीने वाढवलेला परग्रहवासी. वर्तमानकाळात तो सुखवस्तू, पुराणमतवादी वकील आहे. त्याने आपली शक्ती लोकांसाठी वापरावी म्हणून त्याच्याशी हुज्जत घालते ती गरीब वस्तीतली रॅकेल एर्विन, म्हणजेच 'रॉकेट'. पुढे ती कुमारी माता होते आणि तरीही नायिकाच राहते. या दोघांच्या वादात लेखक कोणालाही बाहुले बनवत नाही, म्हणून माझ्या मते माइलस्टोनचे सर्वोत्तम लेखन 'आयकॉन'मध्येच सापडते.

'ब्लड सिंडिकेट' ही टोळीतल्या तरुणांची कथा होती, तर 'झॉम्बी'चा नायक डेव्हिड किम कोरियन-अमेरिकन होता. सर्वाधिक लोकप्रिय झाला तो शाळकरी 'स्टॅटिक', व्हर्जिल हॉकिन्स. वर्णामुळे फ्लोरिडा विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात प्रवेश नाकारला गेलेल्या आणि त्याविरुद्ध वर्षानुवर्षे न्यायालयात लढलेल्या एका खऱ्याखुऱ्या माणसाचे हे नाव. ते एका विनोदी, हुशार, अवघडलेल्या मुलाला देण्यात मला फार मोठी आपुलकी दिसते.

मग हे बंद का पडले? १९९३च्या सुमारास अमेरिकन कॉमिक्सचा बाजार भविष्यात किंमत वाढेल या आशेने अंक साठवणाऱ्यांमुळे फुगला होता. तो फुगा फुटला तेव्हा दुकानेही बुडाली, आणि १९९६च्या अखेरीस मार्व्हललाही दिवाळखोरी जाहीर करावी लागली. त्यात 'ही पुस्तके कृष्णवर्णीयांसाठीच आहेत' या समजुतीची भर पडली. हा समज खोटा होता. माइलस्टोनची पात्रे आणि तिथे काम करणारी माणसे अनेक वंशांची होती.

अंक थांबल्यावरही स्टॅटिक टिकला. २००० ते २००४ या काळात त्याची ५२ भागांची ॲनिमेशन मालिका प्रसारित झाली आणि ज्यांनी माइलस्टोनचा एकही अंक पाहिला नव्हता, अशा मुलांपर्यंत तो पोहोचला. मॅक्डफी २०११ साली, वयाच्या अवघ्या ४९व्या वर्षी गेले. २०२१ साली डीसीकडून हार्डवेअर, आयकॉन, रॉकेट आणि स्टॅटिक पुन्हा छापले जाऊ लागले, तेव्हा ते पाहायला मॅक्डफी नव्हते, याचे मला आजही मनापासून दुःख होते.