सदाफुलीच्या पानात रसायनच असतं, म्हणून तर ती औषधी आहे

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडे बदलतात, दावे तेच राहतात. झाडपाल्याच्या औषधात केमिकल नसतं, म्हणून त्याला साइड इफेक्ट नाही. अख्खी वनस्पती घेतली की तिच्यातले घटक एकमेकांना सांभाळून घेतात. कंपन्या एकच घटक वेगळा काढतात आणि त्याचं विष होतं. आपले पूर्वज हजारो वर्षं हेच घेत आले, आणखी पुरावा कशाला हवा? म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी सदाफुलीची चार पानं चावून खा; मधुमेह जाईल, कॅन्सर जवळ फिरकणार नाही. कंपन्यांनी हे लोकांपासून दडवून ठेवलं आहे.

औषधी वनस्पतींना कमी लेखण्यासाठी मी हे लिहीत नाही. या वनस्पती खरोखर काम करतात, आणि त्या कशा काम करतात हे कळलं की या मजकुरातला जवळजवळ प्रत्येक दावा गळून पडतो.

"केमिकल नसतं" इथूनच सुरुवात करू. अडुळसा घ्या. त्याच्या पानात व्हॅसिसिन नावाचा अल्कलॉइड, म्हणजे झाडात तयार होणारं नायट्रोजनयुक्त द्रव्य, असतो. कफ पातळ करणारं, श्वासनलिका मोकळी करणारं पानातलं मुख्य द्रव्य तेच. त्याच्या रेणूचा आराखडा समोर ठेवून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन घडवलं आणि 1960 च्या दशकात ते औषध म्हणून वापरात आलं. ब्रोमहेक्झिन शरीरात गेल्यावर त्यापासून अॅम्ब्रोक्सॉल तयार होतं, आणि पुढे तेही स्वतंत्र औषध झालं. खोकल्याच्या सिरपच्या बाटलीवर ही दोन्ही नावं छापलेली दिसतील. आजीचा काढा आणि ही बाटली एकाच घराण्यातली आहेत. काढ्यातून व्हॅसिसिन आणि त्याची भावंडं काढून टाकली, तर उरेल ते कडसर हिरवं पाणी.

झाडं ही द्रव्यं आपल्यासाठी बनवत नाहीत. झाडाला जागेवरून हलता येत नाही. पान खायला किडे येतात, गुरं येतात, बुरशी चढते. त्यांच्या नसांवर, स्नायूंवर, पेशींवर परिणाम करणारे रेणू तयार करणं हा त्याचा बचाव आहे. आपल्या शरीरातली यंत्रणा त्या किड्यांच्या आणि जनावरांच्या यंत्रणेशी मिळतीजुळती असते, म्हणून तेच रेणू आपल्यावरही चालतात. योग्य प्रमाणात घेतले तर उपयोग, जास्त झाले तर अपाय. म्हणूनच "साइड इफेक्ट नाही" हा दावा टिकत नाही. जे द्रव्य शरीरात काहीतरी बदलू शकतं, ते नको तिथेही बदलू शकतं.

सर्पगंधेचं उदाहरण इथे फार बोलकं आहे, आणि त्याचा महत्त्वाचा टप्पा मुंबईत घडला. तिच्या मुळीचा उपयोग आपल्याकडे फार जुना. 1931 साली सेन आणि बोस या भारतीय डॉक्टरांनी रक्तदाबावर आणि मानसिक आजारांवर तिचा परिणाम होतो असं लिहिलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरचे अनुभव 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं रिसर्पिन वेगळं केलं गेलं. ते काम कसं करतं? मज्जातंतूंच्या टोकाशी नॉरअॅड्रिनलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही द्रव्यं साठवून ठेवलेली असतात. रिसर्पिन हा साठा भरू देत नाही. रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. पण हीच द्रव्यं मेंदूतही लागतात. म्हणून काही रुग्णांना ग्लानी आली, नाक चोंदलं, कुणाला उदासीने घेरलं, कुणाचे हातपाय कंपवातासारखे ताठले. गुण आणि दोष दोन्ही एकाच कामातून आले. मुळी सगळीच्या सगळी कुटून घेतली तरी त्यात रिसर्पिन असणारच.

अख्खी वनस्पती "सांभाळून घेते" या दाव्यात मात्र तथ्याचा एक अंश आहे. वनस्पतीत द्रव्यं एकेकटी नसतात आणि ती एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात, हे खरं. हळदीतलं कुरक्युमिन शरीरात फारसं शोषलं जात नाही. आतडं आणि यकृत त्याला भराभर बाहेरची वाट दाखवतात. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी निरोगी माणसांना 2 ग्रॅम कुरक्युमिनबरोबर मिऱ्यातलं पायपरिन 20 मिलिग्रॅम दिलं, तेव्हा रक्तातलं कुरक्युमिनचं प्रमाण अनेक पटींनी वाढलं. घरच्या हळदीत कुरक्युमिन साधारण 3 टक्के असतं, म्हणजे 2 ग्रॅमसाठी 60-70 ग्रॅम हळद लागेल. आमटीतल्या चमचाभर हळदीला हे आकडे लावता येत नाहीत. मुद्दा असा की पायपरिन बाहेरची वाट अडवतं ती केवळ कुरक्युमिनसाठी अडवत नाही. फिट्ससाठी घेतल्या जाणाऱ्या फेनिटोइनचं रक्तातलं प्रमाणही ते वाढवतं. फेनिटोइनचा योग्य डोस आणि घातक डोस यांच्यात अंतर थोडंच असतं. तेव्हा घटक एकमेकांवर परिणाम करतात, पण तो परिणाम आपल्या भल्याचाच असेल असं ठरवणारं तिथे कोणी बसलेलं नाही. बचनागाची मुळी अख्खीच असते; तिच्यातल्या अॅकोनिटिनपुढे बाकीचे घटक काहीही सांभाळून घेत नाहीत, हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावतो.

आयुर्वेदाला हे पक्कं ठाऊक होतं. बचनाग गोमूत्रात किंवा दुधात शिजवून मगच वापरायचा, असा शोधनाचा विधी आहे. त्या शिजवण्यात अॅकोनिटिन तुटून कमी विषारी द्रव्यं बनतात, हे आज प्रयोगशाळेत दाखवता येतं. बिब्बा, धोत्रा, गुंज यांच्याही शुद्धीचे विधी आहेत. नीट योजलेलं तीक्ष्ण विषही उत्तम औषध होतं आणि चुकीचं योजलेलं औषधही विष होतं, असं चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात सांगितलं आहे. औषधविषयक भारतीय नियमांत आयुर्वेदिक विषारी द्रव्यांची स्वतंत्र यादी आहे, आणि ती द्रव्यं असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. "कितीही घ्या, काही होत नाही" हे आयुर्वेदाच्या नावावर खपवणं हा त्या शास्त्राचाच अपमान आहे, आणि मला त्याची खरोखर चीड येते.

"हजारो वर्षांचा पुरावा" हा दावा लोकांना सगळ्यात पटतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर एक गोष्ट चांगली सांगतो: खाल्ल्यावर तासाभरात किंवा दिवसभरात काय होतं ते. उलटी, जुलाब, झोप, वेदना थांबणं हे लोकांनी अचूक टिपलं. पण दहा-वीस वर्षांनी होणारं नुकसान कुणी कुठल्या पाल्याशी जोडणार? अॅरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पती चीनपासून युरोपपर्यंत शतकानुशतकं औषधात होत्या. 1990 च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी चुकून या कुळातली मुळी आली आणि शंभराहून अधिक बायकांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली. त्यांतल्या काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. तेव्हा कुठे या वनस्पतींतलं अॅरिस्टोलोकिक आम्ल डीएनएला चिकटतं हे जगापुढे स्पष्ट झालं. आपल्या रानातली सापसंद याच कुळातली.

मूळ मुळीच्या जागी भलतीच मुळी आली, हे आपल्याकडेही दूरचं नाही. कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती गुळवेलच होती का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात होती का, हे तपासलेलं नाही. आक्षेप रास्त मानला तरी कुंपणावरची वेल तोडून काढा उकळणाऱ्याला काय कळतं? त्याच्याकडे ओळख पटवायला फारसं काहीच नसतं.

आता सदाफुली. मधुमेहावर तिच्या पानांचा काढा वेस्ट इंडीजमध्येही घेत. 1950 च्या दशकात जमैकातून पाठवलेली तिची पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या हाती पडली. त्यांनी अर्क उंदरांना तोंडावाटे दिला, साखरेत विशेष फरक दिसला नाही. अर्क टोचला तेव्हा उंदीर संसर्गाने मेले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या. ज्याच्याकडे निराशेने पाहून सोडून देता आलं असतं, त्याच्यामागे नोबल आणि चार्ल्स बीअर लागले. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये हेच हवं असतं! 1958 मध्ये व्हिनब्लास्टिन वेगळं झालं, पाठोपाठ अमेरिकेत व्हिनक्रिस्टिन. पेशी दुभंगताना तिच्या आत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा उभा राहतो. हे रेणू त्या नळ्या जुळू देत नाहीत, पेशी दुभंगता दुभंगता थांबते आणि मरते. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरच्या उपचारात व्हिनक्रिस्टिन आजही महत्त्वाचं आहे.

मग पानं का खाऊ नयेत? आधी प्रमाण पाहा. व्हिनब्लास्टिन हे कॅथरँथिन आणि व्हिंडोलिन या दोन तुकड्यांच्या जोडणीतून बनतं. झाड कॅथरँथिन पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणात ठेवतं आणि व्हिंडोलिन पानाच्या आत. दोघांची भेटच क्वचित होते, म्हणून जोडद्रव्य अत्यल्प. एक ग्रॅम व्हिनक्रिस्टिनसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. रुग्णाला एका वेळी दिला जाणारा डोस सहसा 2 मिलिग्रॅमच्या वर जात नाही, आणि तोही शिरेतून, कारण तोंडावाटे ते भरवशाने शोषलं जात नाही. शिरेतून देतानाही हातापायांच्या नसा बधिर होतात का, यावर डॉक्टरांची नजर असते. चार पानांतून कॅन्सरचं औषध मिळत नाही. मिळतात ते पानातले इतर अनेक अल्कलॉइड. त्यांत रक्तदाब उतरवणारं अजमॅलिसिनही आहे. आज किती गेलं, उद्या किती जाईल हे ठरवता येत नाही, कारण पानाचं वय, ऋतू, माती यांनी प्रमाण बदलतं. हे सगळं रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या पोटात जातं, आणि हा मजकूर नेमका तोच माणूस वाचत असतो.

उरला कंपन्यांनी दडवल्याचा आरोप. व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. औषधांच्या दुनियेवर रोष धरायला जागा आहे, पण ती वेगळीच आहे: लोकांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवर हक्क सांगण्याची. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवून ते 1997 मध्ये रद्द करायला लावलं. आणि सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाकडे पाहा. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य आहे. त्यापासून मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरचं इरिनोटेकॅन आणि बीजकोशाच्या कॅन्सरवरचं टोपोटेकॅन बनतं. हे गुपित राहिलं असतं तर सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या जंगलांतून नरक्याची झाडं चोरून तोडली गेली नसती.

घरात कुणी सदाफुलीची पानं खात असेल, तर चालू गोळ्यांच्या यादीत तीही लिहा आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा. गरोदर बाईने ती खाऊच नये. पेशींचं दुभंगणं थांबवणारी द्रव्यं बाळाच्या वाढीच्या थेट आड येतात. अडुळशाचा काढाही गरोदरपणी वैद्यांना विचारल्याशिवाय नको, कारण व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचन वाढवतं असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. कॅन्सरचं निदान झालेल्या कुणी पानांच्या भरवशावर उपचार थांबवले असतील, तर त्यांना उद्याच रुग्णालयात घेऊन जा. तिथे सलाइनमधून दिलं जाणारं औषध कदाचित याच झाडातून आलेलं असेल, आणि ते मोजून दिलेलं असेल.